संध्याकाळी बसायचे कोणाबरोबर?





गेल्या अंकानंतर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांत जवळजवळ एकच प्रश्न होता. एका भगिनीने लिहिले होते, "माझा मुलगा आठवीत गेला आणि घरात कोणी परका राहायला आल्यासारखे झाले आहे. मी सांगितलेले त्याला पटत नाही, मित्राने सांगितले की लगेच पटते. तुम्ही तर या वयाची पन्नास मुले एका छताखाली सांभाळता. तुम्ही काय करता?"

खरे उत्तर असे आहे, की पुष्कळ वर्षे आम्ही जे करत होतो ते चुकीचे होते. ते कुठे चुकत होते हे आम्हांला एका मुलाने शिकवले आणि त्याची किंमतही त्यानेच मोजली. म्हणून या वेळी वसतिगृहाच्या अहवालाऐवजी याच विषयावर लिहीत आहे. लिहिण्यापूर्वी त्या मुलाला विचारले आहे. त्याचे नाव मात्र देत नाही.

चार मुले, एक खोली

आपल्या वसतिगृहात जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील पाड्यांवरची मुले राहतात. वारली, कोकणा, कोळी आणि थोडी कातकरी. ती आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी गावातील शाळेत जातात. राहणे, जेवण, अभ्यास आणि प्रार्थना आपल्याकडे असते.

तीन वर्षांपूर्वी, ऐन पावसात, एका खोलीत गळू लागले म्हणून मी शिडी लावून कौले नीट करायला चढलो. वाशाच्या खाचेत तंबाखूच्या पुड्या आणि चुन्याची डबी सापडली. चौकशी केली तेव्हा चार नावे पुढे आली. तिघे दहावीतले, एक नववीतला. नववीतला मुलगा जूनमध्येच नवीन आला होता. अबोल, गणितात चांगला, सकाळी कोणी न सांगता अंगण झाडणारा. त्याचे नाव ऐकून मला जास्त राग आला.

मी तीन गोष्टी केल्या. त्या वेळी तिन्ही शहाणपणाच्या वाटल्या. पहिली, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर चौघांना सर्वांसमोर उभे केले आणि पुड्या हातात धरून बोललो. दुसरी, पुढच्या शनिवारी तंबाखूच्या दुष्परिणामांवर तासभर व्याख्यान दिले आणि कर्करोगाची चित्रे दाखवली. तिसरी, त्या चौघांना माझ्या खोलीला लागून असलेल्या खोलीत एकत्र ठेवले. लक्ष ठेवायला सोपे आणि बाकीच्यांना त्यांचा वारा लागायला नको, असा विचार होता.

दिवाळीच्या सुटीला चौघे घरी गेले. दहावीचे तिघे परत आले. नववीतला आला नाही. पाड्यावर निरोप धाडला तेव्हा कळले, की आईवडिलांबरोबर तो भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला आहे.

या वयात असे का होते

आपण मोठी माणसे म्हणतो, "मित्रांच्या नादी लागला, बिघडला." या बोलण्यात असे गृहीत असते, की मूल दुबळे आहे किंवा संस्कार कमी पडले. पण ज्यांनी या वयाचा अभ्यास केला आहे ते वेगळे सांगतात.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील टेंपल विद्यापीठात लॉरेन्स स्टाइनबर्ग नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी मार्गो गार्डनर यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. सिग्नलचा पिवळा दिवा लागल्यावर गाडी किती पुढे रेटायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे. काही जण एकटे खेळले, काही जण आपल्याच वयाच्या सोबत्यांच्या देखत. चोवीस वर्षांच्या पुढची माणसे एकटी असोत की सोबत्यांत, सारखाच धोका पत्करत होती. तेरा ते सोळा वयाची मुले मात्र सोबती जवळ असले की जवळजवळ दुप्पट धोका घेत होती.

पुढे २०११ साली त्याच विद्यापीठातील अभ्यासात, मुले असा खेळ खेळत असताना त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. मित्र दुसऱ्या खोलीतून नुसते पाहत आहेत एवढे कळले, तरी बक्षिसाचा आनंद जिथे उमटतो तो मेंदूचा भाग या मुलांत अधिक जागा होत होता. मोठ्यांमध्ये तसे होत नव्हते.

याचा अर्थ साधा आहे. धोका काय आहे हे चौदा वर्षांच्या मुलाला कळत नाही, असे नाही. एकटा असताना त्याला ते बरेच कळते. पण बरोबरीची मुले पाहत असली की त्यांच्यात मान मिळण्याची गोडी त्या भीतीपेक्षा मोठी होते. "हे वाईट आहे" हे त्याला पुन्हा पुन्हा सांगून फारसा उपयोग होत नाही, कारण त्याची अडचण माहितीची नसते.

आणि ही गोडी देवाने उगीच दिलेली नाही. मूल कधीतरी आईवडिलांच्या अंगणातून बाहेर पडून आपल्या पिढीबरोबर उभे राहणार असते. पुढे त्याला ज्यांच्याबरोबर शेती, नोकरी, संसार करायचा आहे ती माणसे हीच. त्यांच्यात आपली जागा शोधणे हे त्या वयाचे कामच आहे. ते काम करताना ते आपल्याला विसरत नाही. फक्त त्याची मान दुसरीकडे वळलेली असते.

भट्टीवरचे बोलणे

जानेवारीत मी आणि शाळेतील एक शिक्षक एस.टी.ने वाड्यावरून भिवंडीकडे गेलो. पत्ता विचारत विचारत भट्टी सापडली. तो वडिलांबरोबर चिखल मळत होता, आई विटा थापत होती. मुकादमाची उचल घेतलेली. ती पावसाळ्यापर्यंत फेडायची होती. मला पाहताच त्याने हातपाय धुतले आणि पाणी आणून दिले. आम्ही भाताच्या पेंढ्यावर बसलो.

मी विचारले, "तंबाखूची एवढी सवय लागली होती का रे?"

तो म्हणाला, "नाही सर. मला ती आवडायचीच नाही. चक्कर यायची. मागं जाऊन थुंकून टाकायचो."

"मग घेत का होतास?"

तो जरा थांबला. मग म्हणाला, "नाही घेतली, तर संध्याकाळी बसायचं कोणाबरोबर?"

मी काही बोललो नाही. तोच पुढे बोलला. "तुम्ही सगळ्यांपुढं उभं केलंत ना, मग बाकीची पोरं मला तंबाखूवाला म्हणायला लागली. अभ्यासाला पण कोणी जवळ घेईना. ते तिघंच उरले. ते तर मार्चमध्ये जाणार होते. मग परत येऊन करायचं काय?"

संध्याकाळी पाच ते सात हा आमच्या वेळापत्रकात 'मोकळा वेळ' असतो. त्या दोन तासांकडे मी कधी नीट पाहिलेच नव्हते. शाळेतून आल्यावर जुनी मुले आपापल्या घोळक्यात जातात. नवा मुलगा जून महिनाभर विहिरीच्या कठड्यावर एकटा बसायचा. ज्यांनी त्याला पहिल्यांदा "ये, बस" म्हटले, ते हे तिघे होते. पुडी त्या बसण्याचे भाडे होती. आणि मी त्याला शिक्षा केली ती अशी, की ती एकच सोबत त्याच्यापाशी राहील आणि बाकीची सगळी तुटेल.

दबाव दिसत नाही

'संगतीचा दबाव' म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर कोणीतरी जबरदस्ती करणारा येतो. पण बहुतेक वेळा कोणी जबरदस्ती करत नाही. कोणी हसते, कोणी टोपणनाव ठेवते, कोणी सरकून जागा देते, कोणी देत नाही. एवढ्यावर मूल ओळखते की काय केले असता आपण आत राहू आणि काय केले असता बाहेर पडू.

मोठ्यांचेही तसेच होते. १९५० च्या दशकात सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन तरुणांना काही रेघा दाखवून विचारले, की यातल्या कोणत्या दोन सारख्या लांबीच्या आहेत. प्रश्न इतका सोपा, की एकटा माणूस क्वचितच चुकेल. पण गटातील बाकी सगळे आधीच सांगून ठेवलेले होते. ते ठरवून चुकीचे उत्तर देत. तेव्हा त्या एका तरुणाची सुमारे एक तृतीयांश उत्तरे सगळ्यांच्या मागे जाऊन चुकू लागली. डोळ्यांना दिसत होते एक आणि तोंडून निघत होते दुसरे.

मला या प्रयोगातला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. अ‍ॅश यांनी गटात आणखी एकच माणूस असा ठेवला, जो खरे उत्तर देई. फक्त एक. बाकी सगळे पूर्वीसारखेच चुकीचे बोलत होते. तरीही चुकीच्या उत्तरांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावर आले. माणसाला 'नाही' म्हणायला सगळी मंडळी आपल्या बाजूने लागत नाही. शेजारी एक जण पुरतो. विहिरीच्या कठड्यावरच्या मुलाजवळ तो एक नव्हता.

आपल्या मुलांवरचे जास्तीचे ओझे

शहरातील मंडळीला वाटेल, की हे सगळ्याच मुलांचे आहे. ते खरे आहे. पण पाड्यावरून येणाऱ्या मुलाच्या पाठीवर आणखी दोन-तीन ओझी असतात.

पहिले भाषेचे. घरी वारली किंवा कोकणा बोली, शाळेत पुस्तकी मराठी. वर्गात एक शब्द घरचा निघाला की मागच्या बाकावर हशा पिकतो. आमच्याकडे नव्याने आलेली मुले पहिल्या काही आठवड्यांत दोनपैकी एक करतात. काही बोलणेच बंद करतात, काही आपल्याच बोलीची टिंगल करण्यात पुढे होतात. आई भेटायला आली आणि अंगणातून हाक मारली, की मुलगा लाजून तिला फाटकाबाहेर नेतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. मुलींच्या बाजूला माझी पत्नी पाहते. तिथे गोरे होण्याच्या क्रीमच्या ट्यूबा निघतात. काही मुली जेवण कमी करतात, कारण मोबाईलवर पाहिलेल्या मुलीसारखे दिसायचे असते.

दुसरे ओझे घरच्या चालीचे. आपल्या भागात तंबाखू हा पाहुणचारही असतो. आलेल्या माणसापुढे पाणी ठेवतात, तशी तंबाखूही पुढे करतात. आजी मिश्री लावते. तेव्हा घरी जो आदर आहे तो शाळेत अपराध कसा झाला, हे मुलाला कोणी समजावून देत नाही. हा प्रश्न केवळ पाड्यांचा आहे असेही नाही. २०१९ च्या देशव्यापी पाहणीत १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांपैकी ८.५ टक्के मुले तंबाखू या ना त्या रूपात वापरत असल्याचे आढळले. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि शाळेच्या १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास कायद्याने मनाई आहे. तरी पुडी मिळते, हे आपण सगळे जाणतो.

तिसरे ओझे म्हणजे शाळा सोडण्याची ओढ. भाताची कापणी झाली की दिवाळीनंतर घरेच्या घरे भट्ट्यांवर, बांधकामांवर जातात. बरोबरीचा मुलगा होळीला नवा मोबाईल, नवी पँट घेऊन परततो. दहावीचे पुस्तक हातात धरलेल्या मुलाला तो काही म्हणत नाही. त्याला नुसते पाहिले तरी पुरते. मुलींमध्ये हीच ओढ लवकर लग्नाची असते. मैत्रीण पळून गेली, तिच्या गळ्यात मंगळसूत्र आले, की बाकीच्यांना आपण मागे राहिलो असे वाटते.

मी दिलेल्या तीन औषधांचे काय झाले

चारचौघांत लाज काढल्याने काय झाले ते वर आलेच आहे. त्याने मुलाला एक नाव चिकटले आणि बाकीची दारे बंद झाली.

व्याख्यानाने काही बिघडले नाही, पण काही घडलेही नाही. चित्रे पाहताना मुले गंभीर होती. रात्री त्याच चित्रांच्या नकला करून हसत होती. भीती एकट्याला वाटते आणि घोळक्यात तिचा खेळ होतो.

सर्वांत मोठी चूक तिसरी होती, चौघांना एका खोलीत ठेवण्याची. १९९० च्या दशकात अमेरिकेत थॉमस डिशियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाह्यात समजल्या जाणाऱ्या मुलांचे गट करून त्यांना चांगले शिकवण देऊन पाहिले. नंतर तपासले तेव्हा त्या गटांतील मुलांमध्ये तंबाखूचा वापर वाढलेला आढळला. शिकवण चांगलीच होती. पण गटात एकाने नियम मोडल्याची गोष्ट सांगितली, की बाकीचे हसत आणि ते हसणे हेच बक्षीस ठरे. हे मला पुढे एका प्रशिक्षणात कळले. माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे मी स्वतःच तशी शाळा उघडली होती.

पवित्र शास्त्रात हे सगळे आहे

मी लहानपणापासून पेत्राच्या नाकारण्याची गोष्ट ऐकत आलो. प्रमुख याजकाच्या वाड्यातील अंगण, थंडी, पेटवलेला विस्तव आणि एका दासीचा साधा प्रश्न. तिच्या हातात तलवार नव्हती. पण त्या शेकोटीभोवती पेत्र एकटा होता, आणि त्या घोळक्यात बसायचे असेल तर 'मी त्याला ओळखत नाही' असे म्हणणे भाग होते. भट्टीवरून परत येताना एस.टी.त मला तीच गोष्ट आठवत होती. पुढे प्रभूने पेत्राला परत घेतले तेही किनाऱ्यावरच्या विस्तवापाशी, जेवायला बोलावून.

राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात रहबाम आहे. वडीलधाऱ्यांनी दिलेला सौम्यपणाचा सल्ला त्याने टाकला आणि आपल्याबरोबर वाढलेल्या सोबत्यांचे ऐकले. दहा वंश त्याच्या हातातून गेले. गादीवर बसला तेव्हा तो ४१ वर्षांचा होता. म्हणून हा रोग फक्त पोरांचा आहे, असे कोणी समजू नये.

आणि दानीएलाच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात चार तरुण आहेत. घरापासून दूर, परक्या भाषेच्या शाळेत. त्यांना नवी नावेही दिलेली. आपल्या वसतिगृहातील मुलांना ही गोष्ट किती जवळची वाटते हे सांगायला नको. राजाच्या पंगतीतले अन्न नको म्हणण्याचे धैर्य त्यांना कोठून आले? विश्वासातून, हे तर खरेच. पण ते चौघे होते, हेही शास्त्राने लिहून ठेवले आहे.

आम्ही काय बदलले

त्यानंतरच्या जूनपासून आम्ही काही गोष्टी बदलल्या.

नवा मुलगा येतो त्या दिवशी त्याला एक जोडीदार मिळतो. एक वर्षाने मोठा, शक्यतो त्याचीच बोली बोलणारा. जोडीदाराचे काम उपदेश करणे नाही. पहिले दोन महिने जेवायला, शाळेत जायला आणि संध्याकाळी बसायला त्याला बरोबर घ्यायचे, एवढेच.

जोडीदार आम्ही निवडत नाही. मुलांना चिठ्ठीवर विचारतो, "अडचण आली तर तू कोणापाशी जाशील?" ज्यांची नावे जास्त येतात त्यांनाच ही जबाबदारी देतो. वेल्स आणि इंग्लंडमधील ५९ शाळांत याच धर्तीचा प्रयोग झाला होता आणि २००८ साली त्याचा अहवाल आला. बारा-तेरा वर्षांच्या मुलांनीच सुचवलेल्या सोबत्यांना थोडे प्रशिक्षण दिले. ते आपल्या मित्रांशी बोलता बोलता धूम्रपानाचा विषय काढत. त्या शाळांत धूम्रपानाकडे वळणाऱ्या मुलांचे प्रमाण कमी राहिले. आमच्या पहिल्या चिठ्ठ्यांत सर्वांत जास्त नाव आले ते मी 'मस्तीखोर' म्हणून वहीत लिहून ठेवलेल्या मुलाचे. पत्नी म्हणाली, "मुलांना माहीत आहे, तुम्हांला माहीत नाही." तो मुलगा फार चांगला जोडीदार ठरला.

खोल्या आता मिसळून दिल्या जातात. एखाद्याचे काही चुकले तर मी त्याला एकट्याला बोलावतो, दार लोटून. सर्वांसमोर फक्त चांगले सांगायचे, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. दोनदा मोडला, पण पाळण्याचा प्रयत्न आहे.

संध्याकाळच्या दोन तासांत आता कबड्डी आहे, भाजीचे वाफे आहेत, आणि ज्याला काहीच नको त्याच्यासाठी स्वयंपाकघराचा ओटा आहे. मावशी भाकऱ्या भाजतात आणि पोरे तिथे बसून गप्पा मारतात. शनिवारची सभा मुलांच्या बोलीतच होते. मला कोकणा बोली मोडकीतोडकी येते, आणि माझ्या चुकांवर मुले पोटभर हसतात. त्यांच्या बोलीत सर चुकतात हे पाहून नव्या मुलाची मान जरा वर होते. या सभेत आम्ही 'नाही' म्हणण्याचा सरावही करतो. भांडण न करता, मित्र न गमावता कसे म्हणायचे हे मुले स्वतःच करून दाखवतात. "मला नको, पण मी बसतो" हे वाक्य त्यांनीच शोधले.

भात घरात आल्यावर पाड्यावर तारपा वाजतो तेव्हा मुले-मुली एकमेकांच्या कमरेला हात घालून गोल धरतात. एखाद्याचे पाऊल चुकले तर शेजारचे दोघे त्याला घेऊन पुढे जातात. सोबत म्हणजे काय हे आपल्या मुलांना आपण शिकवायला नको. आम्ही वसतिगृहात आणून ते मोडले नाही म्हणजे झाले.

सगळे सुरळीत झाले, असे लिहिणार नाही. गेल्या वर्षी नववीतील एक मुलगी होळीनंतर आलीच नाही. तिचे लग्न ठरले असल्याचे आम्हांला उशिरा कळले. जोडीदारीण तिच्याबरोबर होती, पण सुटीत घरी तिच्याबरोबर कोणी नव्हते. पुड्याही अधूनमधून सापडतात. पण आता संध्याकाळी विहिरीच्या कठड्यावर एकटे कोणी बसलेले दिसले, तर ते मला सांगायला मुलेच येतात.

आपल्या घरी आणि मंडळीत

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना आणि तुम्हा सर्वांना आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

मुलाच्या मित्रांना घरी येऊ द्या, जेवू घाला, त्यांची नावे लक्षात ठेवा. "त्याच्याबरोबर दिसायचे नाही" असे म्हटल्याने मैत्री थांबत नाही, ती आपल्या नजरेआड जाते.

"तू असा का वागलास?" याऐवजी "तेव्हा बरोबर कोण कोण होते? तू नाही म्हटले असतेस तर काय झाले असते?" असे शांतपणे विचारा. मूल खरे सांगण्याची शक्यता वाढते.

शब्बाथ शाळेत आणि तरुण संघात नवे मूल आले, तर त्याचे नाव विचारून टाळ्या वाजवणे पुरेसे नाही. उपासना संपल्यावर ते कोणाबरोबर उभे आहे ते पाहा.

आणि एक गोष्ट संकोच बाजूला ठेवून लिहितो. आपण प्रेमाने वस्तू पाठवता, त्यासाठी आम्ही ऋणी आहोत. पण एका वर्षी बारा जोड चांगले बूट आले आणि मुले होती पन्नास. महिनाभर वसतिगृहात बूटवाले आणि बिनबूटवाले असे दोन गट होते. त्यामुळे जे पाठवाल ते थोडे साधे असले तरी चालेल, पण सर्वांना सारखे पुरेल असे असावे.

तो मुलगा पुन्हा वसतिगृहात राहायला आला नाही. पण त्या जोडीदार मुलाने त्याचा मोबाईल नंबर मिळवला आणि अधूनमधून फोन करत राहिला. गेल्या पावसाळ्यात तो भेटायला आला, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून म्हणाला, "सर, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा असतो ना?" आम्ही तो भरला. येत्या मार्चमध्ये तो दहावीला बसेल. घरचे भट्टीवर गेले आहेत, तो आजीजवळ पाड्यावर थांबला आहे. शनिवारी आपल्याकडे गणिताला येतो आणि रात्री मुक्काम करतो. मी त्याची क्षमा मागितली. तो हसला आणि भूमितीचे पुस्तक काढले.

कृपया प्रार्थनेत आठवण ठेवा:

१. या मुलाच्या अभ्यासासाठी, आणि मार्चपर्यंत घरच्या अडचणीने त्याला भट्टीवर जावे लागू नये म्हणून.

२. शाळा सोडून गेलेल्या त्या मुलीसाठी, तिला पुन्हा शिकण्याची वाट मिळावी म्हणून.

३. यंदाच्या जोडीदार मुलामुलींसाठी. ती स्वतः चौदा-पंधरा वर्षांचीच आहेत.

४. आम्हां उभयतांसाठी, राग आल्यावर थांबण्याची कृपा मिळावी म्हणून.

प्रभूच्या सेवेत आपला,
वसतिगृह अधीक्षक